बिअरच्या बाटलीतला पेस्टो

नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून आमची मुलगी घरून काही नेईना. सुक्या बोंबलांना खोलीतल्या मैत्रिणी नाकं मुरडतात, केळी वाटेत काळी पडतात आणि आजीच्या मसाल्याचा म्हणे सगळ्या कपड्यांना वास लागतो. त्या रविवारी मात्र ती आपणहून म्हणाली, "पप्पा, मी लावलेलं बेसिल चांगलंच वाढलंय. पेस्टो करून देशील? घेऊन जाईन."

संध्याकाळच्या बसने ती परत जाणार होती. आमच्या नंदाखाल गावच्या वाडीतली एक तरी वस्तू पोरीने हौसेने मागितली, म्हणून चर्चमध्ये रविवारची मिस्सा आटोपताच मी सगळी झाडं ओरबाडली.

आधी शास्त्र वाचलं, तिथेच चुकलो. पेस्टो म्हणजे इटालियन चटणी: पाला, तेल, चीज आणि मूठभर चिलगोज्याच्या बिया वाटायच्या. त्यासाठी खल संगमरवरीच हवा, पानांना पातं लागता कामा नये, बत्ता फिरवायची दिशासुद्धा ठरलेली. आमच्या कुंपणाशी सब्जा उगवतो, तो या बेसिलचा सख्खा भाऊ. त्याच्याशी आजवर कुणी इतक्या अदबीने वागलेलं नाही. मी मिक्सरचं भांडं फ्रीजरमध्ये गार केलं, चिलगोज्यांऐवजी काजू घातले आणि बटण दाबलं. रंग हिरवागार आला.

माझी आई शेजारी उभी राहून बघत होती. "टिकायला काय करायचं?"

"हवा लागू द्यायची नाही. लागली की काळं पडतं."

"एवढंच ना?"

"एवढंच," मी म्हणालो आणि घट्ट झाकणाच्या बरण्या आणायला आगाशीच्या बाजारात गेलो.

परतलो तर मिक्सरचं भांडं घासून पालथं घातलेलं आणि आईच्या हातात मसाल्याची काठी. आमच्याकडे वर्षाचा मसाला बिअरच्या तपकिरी बाटल्यांत काठीने ठासून भरतात. उजेड नाही, हवा नाही. आईने सगळा पेस्टो तसाच दोन बाटल्यांत ठासून वर बुचं मारली होती.

"अगं, मसाला कोरडा असतो. बाटली हलवली की पडतो. हे बाहेर कसं काढायचं?"

"ते कुठे सांगितलंस? हवा नको म्हणालास."

मी बाटली उलटी धरली, आपटली. विणायची सुई घातली, तिच्या टोकाला चिमूटभर आला. फोडूनच टाकतो म्हटलं, तर मुलगी म्हणाली, "आता काच खायला घालतोस का, पप्पा?" ती हसत होती, ते मला जास्त लागलं. शेवटी बाटल्या कोमट पाण्यात धरून उलट्या केल्या, तेव्हा तेल सुटून बारीक धार लागली. पाला आणि काजू आईने ठासले होते तिथेच राहिले.

नव्या बरणीच्या तळाशी बोटभर हिरवं तेल घेऊन मुलगी बसला गेली. वाडीत बेसिलचे नुसते दांडे उरले होते.

"पुढच्या वेळी जरा पातळ वाट," आई म्हणाली. मग तिने दोन्ही बाटल्या मोरीत भिजत घातल्या. मसाल्याच्या होत्या ना. त्या तिला स्वच्छ करून हव्या होत्या, आणि ते काम माझं होतं.