अक्कांची खिचडी आणि माझी चूक

शिरपूरला आठवीत असताना आमच्या शाळेनं चार पानांचं वर्तमानपत्र काढायचं ठरवलं. मराठीच्या सरांनी फळ्यावर विषय लिहिले: पर्यावरण, वेळेचं महत्त्व, मोबाइल शाप की वरदान. मी हात वर केला. "सर, मी खिचडीवर लिहिणार."

वर्ग खिदळला. मला फरक पडला नाही. मोबाइल या विषयावर मी आधी तीन निबंध लिहिले होते आणि ते मी स्वतःसुद्धा पुन्हा वाचले नव्हते. खिचडी मात्र अख्खी शाळा रोज खायची आणि रोज तिच्याबद्दल बोलायची.

"त्यात बातमी काय आहे?" सरांनी विचारलं.

"विचारून येते."

खिचडी शिजवणाऱ्या अक्का मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असत. इतकी वर्षं मी त्यांच्यासमोर ताट धरत होते, पण "अजून थोडी" यापलीकडे कधी बोलले नव्हते. मी वही उघडली तशा त्या हसल्या. "माले आजलोंग कोनी काही इचारं नही, माय." मग बोलतच राहिल्या. तांदूळ कसे निवडतात, धुतात, कढीपत्ता स्वतःच्या दारातला कसा आणतात. आणि मध्येच म्हणाल्या, "जो पोऱ्या ताट दोन्ही हातमा घट धरस, तो घरथून उपाशी येस. त्याले मी पयले वाढस."

ते वाक्य मी जसंच्या तसं उतरवलं. सरांनी त्याखाली पेन्सिलीची रेघ मारली. "हे शुद्ध मराठीत कर."

"मग ते अक्का बोलल्या असं कसं म्हणायचं, सर?"

सर धुळ्याकडचे. घरून फोन आला की तेही अहिराणीतच बोलत. त्यांनी रेघ खोडली. "राहू दे."

अंक हातात आला तशी मी शेडकडे धावले. अक्कांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या डाव हातात धरून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "बठ्ठं बरोबर शे. पन तांदूय मी दोनदा नही, तीनदा धुस."

मी ठामपणे म्हणाले, "अक्का, तुम्ही दोनदाच म्हणाला होता." वही काढून दाखवायला गेले, तर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: तीनदा.

मी तशीच सरांकडे गेले. "सर, पुढच्या अंकात दुरुस्ती छापायची."

"एवढ्याशा गोष्टीसाठी?"

"ते तिसरं पाणी अक्का हापशावरून स्वतः आणतात, सर."

सरांनी जागा दिली. पहिल्या पानावर तळाला दोन ओळी आल्या. त्याही मी अक्कांना वाचून दाखवल्या. "आते बरोबर," त्या म्हणाल्या आणि चूल पेटवायला वळल्या.

त्यानंतर कुणाबद्दलही काही लिहिलं, की छापायला देण्याआधी मी ते त्या माणसाला वाचून दाखवू लागले. सरांना उशीर होई, ते कुरकुरत, पण थांबत.