जळलेल्या क्लचचा पंचनामा

त्याला सगळे तोफ म्हणत. मोटारसायकलींचा मेकॅनिक, आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी उभ्या माणसाला आपल्याच गाडीचं काहीतरी बिघडलंय असं वाटावं. हात आवाजाहून वाईट. पाना फेकून त्याने एकाचं डोकं फोडलं होतं. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला कॉलर धरून गटारात बसवलं होतं, का तर त्याने इंजिनाला स्वतःच हातोडा घातला होता. तरी लोक तोफेकडेच यायचे, कारण त्याच्याकडे लपवाछपवी नव्हती. बिघाड सापडला की जुना भाग गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचा आणि तो कुणाच्या चुकीने बिघडला ते भर दुकानात ओरडून सांगायचं, हा त्याचा नियम. या नियमाचा त्याला भारी अभिमान होता.

त्या दुपारी त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा गाडी ढकलत आला. या दाजीशी तोफेचं बोलणं कामापुरतंच. मागे बहिणीच्या गळ्यावर बोटांचे वळ पाहून तोफेने त्याला भर रस्त्यात लाथांनी तुडवला होता. लोकांनी शाबासकी दिली. पण थोड्याच दिवसांत बहिणीचा हात मोडला. जिन्यावरून पडले, असं ती सगळ्यांना सांगत राहिली आणि दादाला मात्र तिने शपथ घातली: पुन्हा माझ्या नवऱ्यावर हात उचलायचा नाही. तेव्हापासून तोफ नुसता दातओठ खात होता.

“चढावर ओढत नाही. रेस घेते, पण जागची हलत नाही,” दाजी म्हणाला.

तोफेने आधी केबल पाहिली. ती ठीक होती. मग गाडी सुरू करून वरचा गिअर टाकला, पुढचा ब्रेक गच्च दाबला आणि क्लच सोडला. क्लच धड असता तर इंजिन गपकन बंद पडलं असतं. हे आपलं गुरगुरतच राहिलं. “घसरतोय,” म्हणत त्याने तेल काढलं, तर ते काळं आणि करपट वासाचं. कव्हर खोलून प्लेटा बाहेर काढल्या तर लोखंडी प्लेटा उष्णतेने निळ्या पडलेल्या, बाकीच्या प्लेटांवरचा पकड धरणारा थर जळून गेलेला. आणि या प्लेटा त्यानेच मागच्या उन्हाळ्यात नव्या टाकलेल्या! तोफेचं डोकं सणकलं. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. क्लचच्या लिव्हरचं टोक वाकलं होतं आणि त्याच बाजूचं फूटरेस्ट खरवडलं होतं.

आता अशा वेळी माणसाने जरा विचार करावा. पण तोफ आणि विचार!

त्याने प्लेटा दाजीच्या हातात कोंबल्या आणि आवाज लावला, “हे तुमचं काम नाही, दाजी! हे कुणातरी शिकाऊ माणसाचं काम. हाफ क्लचवर धरून धरून जाळलाय. शिवाय गाडी उभ्या उभ्या पाडलीये, डाव्या अंगावर. कुणाला देता गाडी?”

“कुणालाच नाही. रात्रपाळी करून मी दिवसा झोपलेला असतो. किल्ली घरातच खिळ्याला…”

तो बोलता बोलता थांबला. त्या घरात नवरा-बायकोशिवाय तिसरं माणूस नव्हतं. हे तोफेलाही त्याच क्षणी आठवलं.

“अस्सं,” दाजी म्हणाला. “मी झोपलो की बाई फिरायला जातात होय. आज पायच तोडतो.”

“थांबा दाजी. तेल खराब असलं तरी असं होतं…”

“आत्ता तर शिकाऊ म्हणालास!”

तोफ वाटेत आडवा उभा राहिला. दाजीने हाताला लागला तो लांब पाना उचलून हाणला. तोफेने डावा हात मध्ये घातला आणि त्याची बोटं काडकन मोडली. मग कसली शपथ आणि कसलं काय! तोफेने कपाळाने त्याचं नाक फोडलं, गुडघा पोटात घातला, खाली पडल्यावर केस धरून तोंड फरशीवर आपटलं, पुन्हा आपटलं. जळक्या तेलात रक्त मिसळलं. आणि खरं सांगायचं तर तोफेला बरं वाटत होतं, फार दिवसांनी फार बरं वाटत होतं.

दाजी रक्त थुंकत हसला. “मार. सगळं तिच्या अंगावर काढणार आहे मी.”

तोफेची मूठ तशीच राहिली. त्याने दाजीला आतच सोडून बाहेरून शटर खेचलं, कुलूप ठोकलं आणि स्वतःच्या गाडीवर बसला. मोडक्या बोटांनी क्लच दाबताना दर वेळी त्याच्या डोळ्यांपुढे अंधार येत होता.

बहिणीने दार उघडलं.

“त्याला कळलंय,” तोफ म्हणाला. “तू गाडी शिकतेस ते. मीच बोलून बसलो, भर दुकानात.”

तिने फाडकन त्याच्या थोबाडीत मारली.

“गोदामात काम मिळालंय मला, राहायला खोलीसकट. तिथे बस जात नाही म्हणून शिकत होते. गुपचूप निघून जाणार होते, दादा! आणि हे रक्त कुणाचं? मारलंस ना त्याला?”

“चल, बस मागे. माझ्या घरी राहा. बघतो कोण हात लावतो ते.”

“तुझ्या घरी नाही येणार.” ती पिशवीत कपडे कोंबत होती. “तू घरी गेलास की वहिनी दार कसं उघडते, बघितलंस कधी?”

“मी तिला आजवर बोटसुद्धा लावलेलं नाही!” तोफ गरजला.

बहिणीच्या हातातली पिशवी पडली. तिचे दोन्ही हात आपोआप डोक्यावर गेले होते.

तोफ दोन पावलं मागे सरला. त्याने खिशातून आपल्या गाडीची किल्ली काढली आणि जवळ न जाता जमिनीवरून तिच्याकडे सरकवली. ती गेली, गचके खात, मागे न बघता. गाडीचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत तो रस्त्यात उभा राहिला आणि मग पायी घरी आला.

बायकोने दार उघडलं. त्याचा सुजलेला हात, रक्ताने माखलेला शर्ट तिला दिसला. पण ती पुढे आली नाही. दार उघडल्याबरोबर ती मागे सरकून भिंतीला टेकून उभी राहिली होती आणि तिथूनच तिने विचारलं, “काय झालं?”

तोफ उंबऱ्याबाहेरच थांबला.

“मी आत येऊ?” त्याने विचारलं.