गाडीला नवा पंप

कॅलिफोर्नियात, सांता क्लारामध्ये आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो, तेव्हा आमच्याकडे एक जुनी, लांबलचक स्टेशन वॅगन होती. थंडीत बिचारी मुकाट चालायची. उन्हाळा लागला की मात्र चढावर बंद पडायची, आणि पूर्ण निवल्याशिवाय पुन्हा सुरू व्हायचं नाव नाही. माझा नवरा चिप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होता. मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक तारा जोडायचं त्याचं काम. गाडीचं दुखणं त्यानेच शोधून काढलं. पेट्रोलचा पंप इंजिनलाच बसवलेला होता. इंजिन तापलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि कार्ब्युरेटरपर्यंत काही पोचायचंच नाही.

"मागे टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप लावतो," तो म्हणाला. "मागून ढकललं की वाफ धरणार नाही. नळ्याही नव्या टाकू."

"गॅरेजवाल्याकडे दे ना."

"यार, एवढ्याशा कामाला गॅरेजवाला कशाला?"

शनिवारी सकाळी त्याने गाडीची मागची बाजू उंच केली आणि खाली शिरला. ऊन तोंडावर येत होतं म्हणून गॅरेजचं दार अर्धं ओढून घेतलं. आमची तीन वर्षांची मुलगी आतल्या खोलीत झोपली होती आणि मी स्वयंपाकघरात कणीक भिजवत होते. पेट्रोलचा वास येत होता, पण अशा कामात तो येणारच.

गॅरेजच्या कोपऱ्यात पाणी तापवायची गॅसची टाकी होती. तिच्या तळाशी एक बारीक ज्योत कायम जळत असते. कॅलिफोर्नियातल्या घराघरात ती असते, आणि तिच्याकडे कोणी बघतही नाही. नळीतलं पेट्रोल त्याने खालच्या पसरट भांड्यात काढलं होतं. त्याची वाफ जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते. हे तो मला नंतर हॉस्पिटलमध्ये, डोळे मिटून, एखादा धडा समजावावा तसं सांगत होता.

मला ऐकू आला तो एक दबका आवाज, कोणीतरी जाड सतरंजी झटकल्यासारखा. मी स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये जायचं दार उघडलं तेव्हा भांडं पेटलेलं होतं आणि तो गाडीखालून बाहेर आला होता. त्याला पळता आलं असतं. पण भांड्याच्या बरोबर वर गाडीची पेट्रोलची टाकी होती आणि भिंतीपलीकडे मुलगी. त्याने ते जळतं भांडं दोन्ही हातांनी धरलं, अर्ध्या दाराखालून वाकून बाहेर ओढत नेलं आणि ड्राइव्हवेवर ढकलून दिलं.

मी मुलीला उचलून मागच्या दाराने धावले. पुढे आले तेव्हा शेजारची म्हातारी बाई बागेच्या पाइपने त्याच्या हातांवर पाणी सोडत होती. "डोन्ट लुक ॲट देम, हनी," ती त्याला म्हणत होती. तो मात्र हातांकडेच बघत होता.

आग बंबवाल्यांनी लगेच विझवली. भिंत काळी पडली, गाडीचा मागचा रंग फुगून सोलला, बाकी सगळं शाबूत राहिलं. हातांचं तसं झालं नाही. मांडीची कातडी काढून हातांवर लावली. ड्रेसिंग बदलताना तो ओरडायचा नाही, फक्त मराठीत आकडे म्हणायचा, आणि नर्स मला विचारायची, तो काय प्रार्थना करतोय. पुण्याला फोन लावला की रिसीव्हर मी त्याच्या कानाशी धरायची आणि तो आईला सांगायचा, "मजेत आहे गं. काम जास्त आहे जरा."

घरी आल्यावर, व्रण फुगू नयेत म्हणून, त्याला घट्ट तपकिरी हातमोजे घालावे लागत. मुलगी त्याच्या जवळ जाईना. "नॉट दोज हँड्स," म्हणायची.

बोटांच्या व्यायामासाठी त्याला डोंगरापलीकडच्या दवाखान्यात न्यायचं असे. ओळखीचे लोक किती दिवस सोडणार? एका सकाळी तो म्हणाला, "पंप तसाच पडलाय. तू लाव. मी सांगतो."

"मी त्या गाडीखाली जाणार नाही."

"बाहेर, रस्त्यावर. उघड्यावर. मला हात असते तर तुला म्हटलं असतं का?"

मी गेले. रागाने गेले. भांडण झालं असतं तर बरं, असंही वाटत होतं. तो डांबरावर उकिडवा बसून सांगत होता, मी पाठीवर पडून नळ्या अडकवत होते. "क्लॅम्प अजून घट्ट कर. अजून. आता बोट फिरव, ओलं लागतं का?" माझा पाना सटकला की त्याचे हात आपोआप पुढे येत आणि मध्येच थांबत. काम संपल्यावर मी उठून किल्ली फिरवली. मागून बारीक गुणगुण ऐकू आली, गाडी सुरू झाली. त्याने मान हलवली आणि घरात निघून गेला. मी तिथेच गाडीला टेकून रडले.

त्यानंतर चढावर गाडी कधी बंद पडली नाही. दवाखान्याच्या फेऱ्या सगळ्या तिनेच केल्या. पण उजव्या हाताची दोन बोटं वाकडीच राहिली. कंपनीने त्याला टेबलावरच्या कामाला बसवलं, आणि पुढे मंदी आली तेव्हा पहिल्या खेपेलाच काढलं. मग तो एका शाळेत गणित शिकवू लागला. खडू धरायला त्रास व्हायचा, तेव्हा मुलांना बोलावून फळ्यावर लिहायला लावायचा. मुलं त्याच्यावर खूश होती म्हणे. घरी मात्र तो त्या शाळेबद्दल फारसं बोलला नाही, आणि मीही कधी खोदून विचारलं नाही.