बाटलीतला वास

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. बायकोलाही अर्धीच सांगितली होती, आणि त्या अर्ध्यात दोष दुसऱ्याचा होता.

भेस्तानच्या एका डाइंग मिलच्या ऑफिसात मी हजेरी बघायचो. कोरोनाच्या टाळेबंदीनंतर मिल उघडली, तेव्हा आजारी माणूस दारातच अडवायचं काम शेठनी माझ्यावर सोपवलं. कपाळावर धरायचं तापाचं यंत्र आलं, पण माझा त्यावर विश्वास नव्हता. लोक घरूनच तापाची गोळी खाऊन येतात, असा मला संशय होता. कुणी खाकरलं की मी त्याच्याकडे बघत राहायचो. कुणी नाही खाकरलं तर वाटायचं, दाबून धरतोय.

या आजारात वास जातो, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. रंगाईला लागणारं, उग्र वासाचं ॲसिटिक ॲसिड मिलमध्ये होतंच. त्याचे चार थेंब पाण्यात टाकून बाटली दारात ठेवायची, प्रत्येकाने लांबून हुंगायची, अशी युक्ती मी काढली. शेठ खूश झाले. बाटली रोज सकाळी स्टोअरकीपर भरून आणायचा. तो लिंबायतला राहायचा, माझ्यासारखाच खानदेशी. मला दादा म्हणायचा.

पंधरा दिवस झाले, सगळे रोज "येतो, येतो" म्हणून आत जात होते. एका सकाळी अकरा जण तसेच गेले आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. मास्क खाली करून मी स्वतः हुंगलं. काहीच नाही. साधं पाणी. म्हणजे सगळे खोटं बोलत होते, आणि स्टोअरकीपर त्यांना सामील होता.

मी त्याला सगळ्यांसमोर बोलावलं आणि पाणी भरून कोणाला लपवतोस, असं विचारलं. त्याने बाटली हुंगली, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "दादा, बाटली बरोबर आहे. तुम्ही तुमचं नाक बघा."

कोणीतरी हसलं. ते हसू मला झोंबलं. बाकीचे गप्प राहिले, कारण कोणाला घरी पाठवायचं ते माझ्या हातात होतं. शेठ केबिनच्या काचेपलीकडून बाहेर आले नाहीत. मी सांगितलं तेच त्यांनी धरलं आणि स्टोअरकीपरला त्याच क्षणी घरी जायला सांगितलं.

दुपारी मी डबा उघडला. लसणाची चटणी होती, वरून कच्चं तेल. डबा नाकाशी नेला, चटणी बोटाने चाटली, मग जरा जास्तच खाल्ली. जीभ भाजली, पण लसूण कुठेच नव्हता.

मला कळलं. शेठची केबिन दहा पावलांवर होती. मी उठलो तो बेसिनकडे गेलो, बाटली ओतून दिली आणि साबणाने धुतली. डोकं दुखतंय म्हणून घरी निघालो.

पुढच्या आठवड्यात ऑफिसातले दोघे आजारी पडले. बरे झाले, पण आजार स्टोअरकीपरनेच आणला असं ठरलं. मी परतलो तेव्हा स्टोअरमध्ये दुसरा माणूस होता. त्याला परत बोलवा, एवढं मी शेठना सांगू शकत होतो. सांगितलं नाही.

गेल्या वर्षी स्टेशनवरून डिंडोलीला घरी येताना रिक्षात बसलो आणि आरशात चालवणाऱ्याचे डोळे दिसले, त्याच स्टोअरकीपरचे. त्याने मला आधीच ओळखलं होतं.

"कसा शेतस दादा?" आमच्या अहिराणीत त्याने विचारलं. मी बरा म्हणालो. ओळख दाखवण्यामागे काय असेल, म्हणून तेव्हाही मी सावरून बसलो. पुढे हँडलजवळ उदबत्ती जळत होती. तो म्हणाला, "वास येतो ना आता?"

"येतो," मी म्हणालो.

"बरं झालं."

म्हणजे त्याला त्या सकाळपासूनच माहीत होतं. घर येईपर्यंत मी वाक्य जुळवत होतो: बाटली बरोबर होती, नाक माझं गेलं होतं, तुझी नोकरी मी घालवली, मला माफ कर. रिक्षा थांबली. मी उतरलो आणि त्याला म्हणालो, "इथून वळव, पुढे रस्ता खोदलाय."