माझ्या आवडीचं वाण

त्या वर्षी संक्रांतीला वाण काय द्यायचं, यावरून सासूबाईंचं आणि माझं चांगलंच वाजलं. त्यांच्या मते चहाची गाळणी द्यावी. आमच्या स्वयंपाकघरात वाणात आलेल्या गाळण्या, डब्या आणि साबणदाण्या इतक्या झाल्या होत्या की नवीन काही ठेवायला फळीवर जागा नव्हती.

मी म्हणाले, "आई, या वर्षी मी माझ्या आवडीच्या तीन गोष्टी देणार. एक सॉफ्टवेअर, एक कव्हर आणि एक विज्ञानकथा. बायकांच्या फोनातच घालून देईन."

"फोनात? मंग हातात काय देशील?"

"तिळगूळ."

"बायका तोंडावर हसतीन, मांगून बोलतीन," त्या म्हणाल्या आणि पाठ फिरवून सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, निवडायला बसल्या.

अनसिंगच्या रस्त्याला आमचा भाजीचा मळा आहे. मेथी, सांबार, पालक, वांगी पहाटे वाशिमच्या बाजारात जातात. लग्नाआधी मी जऊळक्याला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. इथं आल्यावर माझे हात जुड्या बांधण्यात तयार झाले, पण कानात इअरफोन असायचा. मी काय ऐकते हे कुणी विचारत नव्हतं, आणि आवडीचं काही एकटीनंच ऐकत राहायचा मला कंटाळा आला होता.

सॉफ्टवेअर म्हणजे आवाज रेकॉर्ड करून साफ करणारं एक फुकट अ‍ॅप. मागची घरघर काढायची, एका आवाजावर दुसरा चढवायचा, सगळं त्यात होतं. कव्हर म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या ढंगात पुन्हा गायलेलं. हे होतं लग्नाच्या वरातीत बँडवाले हमखास वाजवतात त्या एका जुन्या गाण्याचं; एका मुलीनं ते नुसत्या पेटीवर, अगदी सावकाश गायलं होतं. आणि विज्ञानकथा मी कॉलेजात असताना एका जुन्या दिवाळी अंकात वाचलेली. भाऊ फार वेगवान यानातून दूरच्या ताऱ्याकडे जातो. त्याची थोडीच वर्षं जातात, पृथ्वीवर मात्र आख्खं आयुष्य सरतं. तो तरणाताठा परत येतो, तेव्हा त्याची धाकटी बहीण म्हातारी झालेली असते. ही कथा मी आपल्या वऱ्हाडी बोलीत, गोधड्यांच्या खोलीत दार लावून रेकॉर्ड केली. यान सुटतं नेमकं तेव्हा आमची म्हैस ओरडली. ते मी तसंच राहू दिलं.

हळदीकुंकवाच्या दिवशी शेजारच्या मळ्यांतल्या बायका आल्या. 'कव्हर' मिळणार ही बातमी आधीच पसरली होती. एकीनं फोन पुढं करून विचारलं, "माह्या मोबाईलचं माप घेतलं का? मले गुलाबी पाह्यजे."

मी समजावून सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा पडला. फोनामागून फोन हातात घेऊन मी तिन्ही गोष्टी घालून दिल्या. जाता जाता कोणीतरी म्हणालंच, "फुकटात आटपलं व हिनं!" हशा झाला. सासूबाई ताट घेऊन आत गेल्या. त्यांनी ताट ज्या आवाजात ओट्यावर ठेवलं, त्यातून मला सगळं ऐकू आलं. वाटलं, गाळणीच द्यायला हवी होती.

चारेक दिवसांनी दुपारी सासूबाई आणि मी मेथीच्या जुड्या बांधत होतो. तेवढ्यात बांधापलीकडच्या काकूंनी विळा हातात घेऊन तिथूनच आवाज दिला, "काय व पोरी! तो भाऊ वापस आला तं बहिणीले वळखत काहून नाई?"

मी ओरडून सांगितलं, "ती म्हातारी झाली ना काकू!"

"म्हातारी झाली म्हून का झालं? बहीण तं बहीण असते ना! आन् त्या यानाचा भोंगा लय भारी हाये!"

भोंगा म्हणजे आमची म्हैस. मला हसू आवरेना. तोवर गुलाबी कव्हरवाली तिकडून आली. तिचं म्हणणं, चूक भावाची नाही, त्याला पाठवणाऱ्यांची. काकू म्हणाल्या, त्यानं जायलाच नको होतं. दोघींची जुंपली. आणखी दोघी कामं टाकून बांधावर आल्या. एकीनं विचारलं, "त्याले कमी वर्सं कायले लागले पण?" मी मेथीची एक काडी पळवत, एक थांबवत वेगाचं गणित समजावू लागले. निम्मं त्यांना पटलं, निम्मं मलाच नीट सांगता आलं नाही. पण सगळ्या ऐकत होत्या!

सासूबाई एकदा हिच्या, एकदा तिच्या तोंडाकडे बघत होत्या. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट त्यांनाच ठाऊक नव्हती. शेवटी त्यांनी ओले हात पदराला पुसले. "मले बी आयकव," त्या म्हणाल्या.

त्यांनी इअरफोन लावून डोळे मिटले. म्हैस ओरडली तिथं हसल्या. गोष्ट संपताच डोळे उघडून ठणकावलं, "बहिणीनंच त्याले आधी वळखलं असन. तुह्या गोष्टीत ते सांगाचंच राह्यलं." आणि त्याही भांडणात उतरल्या.

त्यानंतर दुपारच्या कामाला बायका आमच्याच बांधावर जमू लागल्या. त्या संथ गाण्याला आधी सगळ्यांनी नाकं मुरडली होती. "हे असं रडून काहून राह्यलं?" असं विचारलं होतं. पण एक दिवस काकूच म्हणाल्या, "एवढ्या वराती नाचलो, पण शब्द आज समजले." मग त्यांनी ते आपल्या चालीत धरलं. गुलाबी कव्हरवालीनं भाजीचा क्रेट पालथा घालून ठेका दिला. सासूबाईंचा आवाज इतका भरदार असेल, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मी रेकॉर्ड केलं, विहिरीवरच्या मोटरची घरघर काढून टाकली आणि सगळ्यांना ऐकवलं.

"मोटर कुठं गेली व?" सासूबाईंनी चकित होऊन विहिरीकडे बघितलं. मोटर चालूच होती.

ते गाणं फोनाफोनातून आमच्याही आधी किन्हीराजा या गावी पोचलं. तिथं नात्यातलं लग्न होतं. वरात दारात आली, बँडनं तेच गाणं सुरू केलं, आणि नवरीच्या मावशीनं हात वर करून वाजंत्री थांबवली. "आता आमच्या बायका म्हनतीन," ती म्हणाली. भर मांडवात आम्ही गायलो. क्लॅरिनेटवाला आधी नुसता बघत राहिला, मग हळूच आमच्या सुरात सूर मिसळू लागला. गाणं संपल्यावर कोणीतरी सासूबाईंना विचारलं, हे कुठून शिकलात. त्यांनी माझा दंड धरून मला पुढं ओढलं. "हे आमच्या सुनंनं वाणात देल्लं," त्या म्हणाल्या, आणि मांडवात मी मान वर करून उभी राहिले.

पुढच्या संक्रांतीला अंगणात सतरंज्या कमी पडल्या. या वेळी प्रत्येक बाई आपल्या आवडीचं काही ना काही घेऊन आली होती. कोणी आजीची अंगाई स्वतःच्या आवाजात गायली होती. कोणी पाखरं ओळखणारं अ‍ॅप शोधून आणलं होतं आणि ते साळुंकीचा आवाज ऐकवून सगळ्यांना दाखवत होती. काकूंनी तर चक्क नवी गोष्ट रचली होती. तिच्यात यानातून बहीण जाते, आणि भाऊ घरी राहून भाकरी थापायला शिकतो.

ती गोष्ट ऐकताना मध्येच कोणीतरी कुजबुजलं, तेव्हा सासूबाईंनी डोळे वटारले. "चूप बसा व," त्या म्हणाल्या, "यान उतरून राह्यलं."