गाडी नाही, प्रवासी संघ मात्र दोन

आधी वस्ती की आधी रेल्वे? या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, हे सुरुवातीलाच कबूल करते. बी.एस्सी., बी.एड. होऊनही येत नाही. वाशीला मात्र ज्यांना ते पक्कं येतं अशी माणसं मला प्रत्येक जिन्यात भेटली. फक्त दोन माणसांचं उत्तर एकसारखं नव्हतं.

मी तिकडे गेले ते नोकरीसाठी. बेलापूरच्या शाळेत गणित-विज्ञानाची जागा रिकामी होती आणि मला बोलावणं आलं होतं. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, त्यामुळे पदवीचं पुढे काय करायचं असतं याचा अनुभव कोणालाच नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, फलटणच्या एसटी डेपोत मेकॅनिक आहेत. राहायचं वाशीला मामाकडे आणि रोज बेलापूरला जायचं, असा बेत मी मांडला. अण्णा म्हणाले, "बसच्या भरवशावर पोरीला रोज सोडायची नाही. बसच्या आत काय असतं ते मला ठाऊक आहे."

मामाने पत्रात लिहिलं होतं की तिकडे रेल्वे येतेच आहे. तेव्हा अण्णांनी अट घातली. जा, चार जाणत्यांना विचार, रेल्वेची तारीख घेऊन ये. तारीख मिळाली तर बेलापूर, नाहीतर आपल्या आळीतली बालवाडी.

फलटणहून पहाटेच्या एसटीने पुणे आणि तिथून मुंबईची गाडी. तुम्ही जाणार असाल तर डावीकडची खिडकी मागू नका, दुपारनंतर घाटापासून पुढे ऊन त्याच बाजूला येतं. पनवेलच्या स्टँडवर पोटभर खाऊन घ्या, पुढे काही मिळेल अशी आशा धरू नका. पनवेल सुटलं की खाडीचा चिखल, मिठागरं आणि मधेच चार मजली इमारतींचे पुंजके. घर बांधायच्या आधीच कोणी कपाटं आणून उभी करावीत, तसं ते दिसतं. वाशीचं तिकीट मागितलं तेव्हा कंडक्टरने विचारलं, "वाशीच ना? नक्की?" तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

श्रीपादमामा फोर्टातल्या एका बँकेत कारकून आहे. त्याचा फ्लॅट 'स्टेशनसमोरचा' म्हणून त्याने हौसेने घेतलेला. चहा व्हायच्या आत त्याने मला गॅलरीत नेलं.

"ते बघ स्टेशन."

मला पाणथळ दिसली, गवत दिसलं, बगळे दिसले.

"तो एकटा बगळा उभा आहे ना, तो प्लॅटफॉर्म."

"आणि म्हैस बसली आहे ती तिकीटखिडकी," आतून शालूमामी म्हणाली. "रांग नाही बघ अजून."

मामा रेल्वे प्रवासी संघाचा खजिनदार आहे. रेल्वे नाही, पण संघ आहे. त्याला अध्यक्ष आहे, दोन उपाध्यक्ष आहेत, दर कोजागिरीला स्नेहसंमेलन होतं आणि मागच्या वर्षी एका ज्येष्ठ प्रवाशाचा सत्कारही झाला. ते कशाने प्रवास करत होते, हे विचारायचं मी टाळलं. पुढे सरकारकडून अशी कुणकुण आली की मोठ्या गाडीऐवजी ट्रामसारखी छोटी, हलकी गाडीही चालवता येईल. झालं. संघ फुटला. मोठ्या गाडीवाल्यांचा जुना संघ, छोट्या गाडीवाल्यांचा नवा. नव्याचे अध्यक्ष तळमजल्यावरचे देशमुखकाका. मामा आणि देशमुखकाका रोज एकाच बसने, एकाच बाकावर बसून खाडी ओलांडतात आणि फोर्टपर्यंत एक शब्द बोलत नाहीत.

"हळदीकुंकवालासुद्धा दोन्हीकडच्या बायका वेगळ्या," मामी म्हणाली. "मला देशमुखीणबाईंच्या हातचा मसालेभात खाऊन दीड वर्ष झालं. या रेल्वेनं माझं एवढं एकच नुकसान केलंय, पण ते मोठं आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समाजमंदिरात या दोन गाड्यांवर जाहीर चर्चा होती. सरकारचे साहेब येणार, नकाशा येणार. मला वाटलं, अण्णांची तारीख इथेच मिळणार. वही नवी घेतली, पेनात शाई भरली, दुसऱ्या रांगेत जागा धरली.

नकाशा भिंतीवर लावलेला होता आणि जुन्या संघाच्या स्वागत समितीने त्याला हार घातला होता. झेंडूचा, भरघोस. आपल्याकडे भिंतीवरच्या कशाला हार घातला की ते गेलं असं समजतात, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. हार बरोबर मधोमध आल्यामुळे वाशी ते बेलापूर ही सगळी रेल्वे झेंडूखाली होती. साहेब रूळ दाखवायला काठी लावायचे आणि पाकळ्या पडायच्या. हार काढा म्हणायची कोणाची छाती नव्हती, कारण तो जुन्या संघाने घातला होता, आणि नव्या संघाने काढला असता तर मारामारी झाली असती.

मग भाषणं. एका गृहस्थांना स्टेशन दारात हवं होतं पण गाडीचा आवाज नको होता. दुसऱ्यांना छोटी गाडी गरिबांची वाटत होती. "आम्ही मुंबई सोडून ट्राममध्ये बसायला आलो का?" असं त्यांनी विचारलं, आणि टाळ्या पडल्या. देशमुखकाकांनी परदेशातल्या कुठल्याशा शहराचं वर्णन केलं, तिथे त्यांचा साडू राहतो. मामा उठून म्हणाला की साडूला इकडे बोलवा, त्याला बसमधून फोर्टला नेतो. तेवढ्यात साहेबांनी काठीने हार थोडा सरकवला आणि स्टेशनचा चौकोन दिसला. तो मामाच्या गॅलरीच्या उलट बाजूला होता. मामा खाली बसला.

मागच्या दारापाशी बेलापूर गावातल्या चार-पाच बायका उभ्या होत्या. यांची शेतं गेली ती या नव्या शहरासाठीच, पण बसायला खुर्ची कोणी दिली नाही. त्यांच्यातली हिराबाई, मासळी विकणारी, पुढे आली.

"सायेब, तुमची गारी मोठी असू दे नायतर बारकी. आमचे गावान थांबल का?"

"तो तांत्रिक प्रश्न आहे, बाई."

"आमची जमीन घेतलीत तवा नव्हता तांत्रिक."

सभेचे अध्यक्ष म्हणाले, विषयाला धरून बोला. मग मी हात वर केला. नव्या वहीचं पान उघडून ठेवलेलं होतं. मी म्हटलं, "मोठी, छोटी, कोणतीही. बेलापूरला कधी पोहोचेल? तारीख हवी आहे."

साहेब चांगले होते, ओरडले नाहीत. म्हणाले, "वस्ती वाढली की रेल्वे येईल."

"लोक म्हणतात, रेल्वे आली की ते येतील."

"तेच तर. त्यासाठी आधी वस्ती लागते."

"मी वस्तीच व्हायला आले आहे, साहेब. उद्या शाळेत जायचंय. कशी जाऊ?"

हशा झाला. साहेबही हसले. "बसा, ताई," असं म्हणाले आणि पुढचा अर्धा तास आभारप्रदर्शन झालं. ते दोन्ही संघांनी वेगवेगळं केलं. माझ्या वहीत तारखेच्या जागी एक पाकळी चिकटली.

बाहेर हिराबाई वाट बघत होती. "मास्तरीन हायस ना तू? आमचे पोरीचा दहावीचा वरीस हाय न् गनिताला कोन नाय. सकाली मासली उतरवून टेम्पो माघारी जातो, त्यात बस. वास येल, सांगून ठेवतंय."

वास आला. बर्फाच्या पेट्या, रिकाम्या पाट्या, पाच बायका आणि मी. बेलापूरला बसही जाते, पण तिच्या मनावर. तुम्ही गेलात तर टेम्पोच पकडा, साडी मात्र जुनी नेसा आणि डोक्याला रुमाल बांधा. बायकांनी मला मधे बसवलं आणि कालच्या साहेबांची नक्कल करत गेल्या. हिराबाई पाटीला काठी लावून म्हणायची, "वस्ती वारली का मासली येल, बाय. आधी वस्ती लागते." हसून माझ्या पोटात दुखलं. आदल्या दिवशी त्याच वाक्यावर मला रडू येत होतं.

मुख्याध्यापक कदम सर व्हरांड्यात उभे होते. त्यांनी आधी माझा वास घेतला, मग प्रमाणपत्रं बघितली. आधीचे गणिताचे सर दिवाळीत गेले होते. "रेल्वे सुरू झाली की परत येतो, असं सांगून गेलेत," सर म्हणाले. "त्यांची जागा धरून ठेवायला सांगितलंय." मग म्हणाले, "तुम्ही तरी रोज कशा येणार?"

या प्रश्नावर सगळी वाशी दोन वर्षं भांडत होती. मी म्हटलं, "आधी वर्ग दाखवा."

दहावीच्या वर्गात हिराबाईची मुलगी कुंदा पहिल्या बाकावर होती. भूमितीचं पुस्तक तिने स्वतःच निम्म्यापर्यंत वाचलं होतं आणि निम्मं चुकीचं समजून घेतलं होतं. ते सरळ करता करता तास संपला. घंटा झाली तरी मुलं उठेनात. मुलांना अभ्यासाची गोडी लागली वगैरे मी म्हणणार नाही. पुढच्या तासाला शिक्षक नव्हता, त्यांना जायला जागाच नव्हती. पण फळ्यापाशी खडू हातात धरून उभी असताना मला कळलं की तारीख मिळाली नाही तरी आता मला बालवाडी जमणार नाही.

त्या दुपारी हिराबाईच्या घरी जेवले. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. मी माळकऱ्यांच्या घरातली, तेव्हा मी भाकरीबरोबर कांदा खाल्ला आणि जवळ्याकडे आदराने बघितलं. मागच्या अंगणात तिने भाड्यासाठी नवीन खोली बांधली आहे. शाळेची घंटा तिथे ऐकू येते. खोली मी ठरवून टाकली. वाशीला येऊन सांगितलं तेव्हा मामी तेवढी रागावली. मासळीवाल्यांच्या घरात राहणार का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, तुमच्याकडे तर मसालेभात खायचीही चोरी आहे. मग ती हसली आणि लोणच्याची बरणी बांधून दिली.

वाशी बघायला जरूर जा. रस्ते सरळ आहेत, हवा भरपूर आहे, भांडणं फुकट बघायला मिळतात. मला तिथलं काय आवडलं हे नीट सांगता येत नाही. इतक्या लोकांनी नसलेल्या गाडीवर एवढा जीव टाकावा याचं हसू येतं, आणि त्यांच्यापैकी एकानेही मागे उभ्या बायकांना खुर्ची दिली नाही याची चीड अजून जात नाही.

फलटणला पोचले तेव्हा अण्णा डेपोतच होते, बसखाली. चाकापाशी वाकून मी हाक मारली. त्यांनी आतूनच विचारलं, "तारीख आणलीस?"

"नाही."

"मग?"

"खोली घेतली, शाळेची घंटा ऐकू येते तिथे. बस नको, रेल्वे नको, चालत जाते. हजेरीपटावर सही करून तीन दिवस शिकवलंय, अण्णा. मी फक्त कपडे न्यायला आलेय."