आसराबाईची बेगमी

केदारखेड्याच्या आसराबाईचं घर मृगाआधीच भरलेलं असे. डाळीला एरंडेल चोळून, गोवऱ्या आढ्यापर्यंत रचून, मीठ-मिरची झाकून ठेवल्याशिवाय तिला झोप लागत नसे. "आमची जाऊबाई पुराची वाट बघून राह्यली," म्हणून गोपिकाबाई चिडवायची.

शहाऐंशी साली मात्र एक काम तिनं मुद्दाम टाळलं. अंकुशनगरला दिलेली लेक, सत्यशीला, पोटुशी होती. पहिल्या खेपेला आसराबाईनं सातव्या महिन्यातच बाळाची गोधडी शिवली होती, आणि बाळ राहिलं नव्हतं. आपल्या घाईनंच ते गेलं, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

जुन्या जालन्यात ती चोळी शिवायला टाकायला गेली. मशीनखाली मलमलीच्या चिंध्या पडल्या होत्या, सायीसारख्या. तिनं हात लावला अन् मागं घेतला.

"न्या की, बहेन," म्हातारे टेलर मास्टर म्हणाले. "लेकीचं बाळंतपण जवळ आलं ना?"

"न्हाई. आधी काही करायचं न्हाई."

"मंग वर्षाची डाळ आधीच कशाला भरता?"

"ती बेगमी. ती करावीच लागती."

मास्टर उर्दू शाळेत शिकलेले. चष्मा कपाळावर सारत म्हणाले, "बे म्हणजे बिगर, गम म्हणजे दुःख. ज्याला घोर न्हाई तो बेगम, त्याची निवांती ती बेगमी. आमच्या फारसीतून निघाली अन् तुमच्या कणगीत येऊन बसली."

"कणग्या भरल्या तरी घोर जातो कुठं, मास्टर?"

"झोप तर लागती ना?"

परतीच्या एसटीत तिचा डोळा लागला. स्वप्नात तिच्या उतरंडीतलं एकेक मडकं उघडत होतं. आत डाळ नव्हती, नुसता मऊ उजेड होता, आणि त्यात कुणीतरी इवलंसं निजलं होतं. जाग आली तेव्हा चिंध्यांचं बोचकं मांडीवर होतं. ते आपण कधी उचललं, तिला आठवेना.

त्या चिंध्यांची गोधडी झाली, एक कोपरा तेवढा तिनं टाके न घालता उघडाच ठेवला. पुरी झाली म्हणायची तिची छाती होईना.

श्रावणात मुलगी झाली. धडधाकट.

"माय, हा कोपरा राह्यला की," सत्यशीला म्हणाली.

"पाचवीला टाकते टाके."

पाचवी झाली. "बारशाला," आसराबाई म्हणाली. बारसंही झालं. नात पाय झाडायची, अन् तिचा अंगठा त्या उघड्या कोपऱ्यात शिरून बसायचा. आसराबाई तो हलकेच बाहेर काढी, कोपरा दुमडून ठेवी, आणि तिथंच, भिंतीला टेकून, तिला गाढ झोप लागे.